राहून गेलेली हिरवी तार

त्या खणात दोनच उरले होते आणि त्यांच्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा, एक त्याचा.

हात मागे घेतला तो मीच. अनोळखी माणसाला धक्का लागला तर मी आधी ‘सॉरी’ म्हणते आणि मग धक्का कुणी मारला ते बघते.

“घ्या ना... घ्या तुम्ही,” मी म्हणाले.

“छे, छे! तुम्ही आधी आलात,” तो म्हणाला. पण हात काही त्याने खणातून बाहेर काढला नाही.

सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचं ते दुकान एवढंसं. जमिनीपासून छतापर्यंत नुसते लहान लहान खण, आणि प्रत्येकावर काकांच्या गिचमिड अक्षरातली चिठ्ठी. काका म्हणजे दुकानाचे मालक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आमच्याकडे पाहिलं.

“जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. जुना माल आहे, पुन्हा येणार नाही. दोनच राहिलेत. एकेक घ्या आणि गुण्यागोविंदानं घरी जा.”

“एक घेऊन काय करू?” आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

मग त्याने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. “फझ?” त्याने विचारलं.

“फझ,” मी म्हणाले, आणि का कोण जाणे, कान गरम झाले.

ज्यांना हा नाद नाही त्यांना सांगते. गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अँप यांच्या मध्ये पायाने दाबायची एक डबी जोडतात, तिला पेडल म्हणतात. गिटारचा सूर एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने वेगळाच होऊन बाहेर पडतो. फझ नावाच्या पेडलमधून तो घसा बसल्यासारखा खरखरीत येतो, पण त्या खरखरीत असा काही जीव असतो की ऐकणाऱ्याला उगाच भरून येतं. तयार पेडलं दुकानात हवी तेवढी मिळतात. तरी आमच्यासारखी काही खुळी माणसं ती घरी बनवत बसतात. आणि आम्हा दोघांना ज्या प्रकारचं फझ बनवायचं होतं त्याला असे जुने ट्रान्झिस्टर लागतात. दोन, जोडीने.

“मग दोघं मिळून एकच बनवा की,” काका म्हणाले. “एवढा काय विचार करायचा त्यात!”

तो हसला. मी पर्स छातीशी धरली.

घाबरणं मला नवीन नाही. शाळेत मला सगळे भित्री भागूबाईच म्हणायचे. त्यात नोकरी मिळाली ती विमा कंपनीत, अपघाताच्या दाव्यांच्या टेबलावर. माणसं कशाकशाने जातात ते मी सकाळी साडेनऊपासून वाचत असते. ओल्या फरशीवरून, गॅसच्या नळीने, गच्चीच्या कठड्यावरून. त्यामुळे मी लिफ्टने जात नाही, ओल्या हाताने बटण दाबत नाही आणि दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. शिवाय मी अकरा वर्षांची असताना बाबा बल्ब बदलायला स्टुलावर चढले होते. स्टूल घसरलं. इतकंच झालं, आणि त्यानंतर बाबा नव्हते. आमच्याकडे अजून बल्ब बदलायलासुद्धा बाहेरून माणूस येतो.

पेडलं मात्र मी न घाबरता बनवते. ती नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालतात, आणि नऊ व्होल्टांनी कुणी गेल्याची फाइल माझ्या टेबलावर कधी आलेली नाही.

“तुम्ही करता काय?” दुकानाबाहेर त्याने विचारलं.

“विमा. अपघात विभाग. तुम्ही?”

“मी कवळ्या बनवतो.”

“काय?”

“कवळ्या हो. डॉक्टर माप पाठवतात, मी दात पाठवतो. या भागातली निम्मी म्हातारी माणसं माझ्यामुळे हसतात.” स्वतःचे सगळे खरे दात दाखवत तो हसला. “घाबरू नका. चावत नाही.”

“मी कुठे घाबरले?”

“मग ती पर्स छातीशी का धरलीत? ट्रान्झिस्टर तर माझ्या खिशात आहेत.”

मनातल्या मनात मी त्याचं नाव कवळीवाला ठेवलं. त्याने तर माझं नाव मला तोंडावरच सांगितलं — विमाबाई.

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. सोल्डरिंगचं टोक तापलं, राळेचा तो ओळखीचा वास सुटला, आणि आई भाजी निवडायच्या निमित्ताने तिथेच ठाण मांडून बसली. थोड्या वेळाने पाणी द्यायला मी उठले तर तिने मला कोपऱ्यात गाठलं.

“काय गं, हा दात बनवतो म्हणे?”

“हो.”

“बरं झालं. माझ्या म्हातारपणाची सोय झाली.”

“आई! हळू बोल ना...”

“त्याला ऐकू जायलाच बोलले,” आई म्हणाली आणि भाजीकडे वळली.

ट्रान्झिस्टर बोर्डावर लावण्याआधी मोजावे लागतात. दोघांचं एकमेकांशी जमतंय का, ते बघावं लागतं. मी मीटर लावून आकडे लिहीत होते आणि तो मुद्दाम ट्रान्झिस्टरला बोट लावत होता.

“हात नको लावूस त्याला,” मी म्हणाले. आम्ही ‘तू’वर कधी आलो ते कळलंच नव्हतं. “बोटाच्या उबेनं आकडा सरकतो. जर्मेनियम फार हळवं असतं.”

“किती हळवं?”

“नुसतं जवळ कुणी आलं तरी कळतं त्याला.”

त्याने बोट ट्रान्झिस्टरवरून उचललं आणि माझ्या मनगटाजवळ आणून धरलं. लावलं नाही. नुसतं जवळ... “कळलं?”

“गप्प बस आणि रेझिस्टर दे,” मी म्हणाले. त्या दिवसाचे माझे सगळे आकडे नंतर पुन्हा मोजावे लागले.

चार रविवार असे गेले. मी दिलेला सोल्डरचा प्रत्येक डाग मी भिंगातून तीनदा तपासायची आणि तो म्हणायचा, “विमाबाई, ही डबी आपल्या दोघांपेक्षा जास्त जगणार.” पेडलची बटणं त्याने स्वतः ओतून आणली. कवळीच्या हिरड्यांसाठी असतो त्याच गुलाबी मसाल्याची! इतकं विचित्र आणि इतकं गोड पेडल जगात दुसरं नसेल. पाचव्या रविवारी माझ्या बॅटरीवरच्या छोट्या अँपला ते जोडून त्याने पहिला सूर छेडला, आणि आईनेसुद्धा हातातलं भांडं खाली ठेवलं. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. मला तो आवडायला लागलाय, हे मला तेव्हा पक्कं कळलं. आणि कळताक्षणी भीती वाटली.

त्याच्या मित्रमंडळींचा वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता. तिथे तो आमचं पेडल घेऊन गाणार होता. सरावासाठी तो मला त्याच्या लॅबमध्ये घेऊन गेला. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि खाली त्याच्या मामाचा जुना, भलामोठा अँप. तो बॅटरीवर नाही, भिंतीतल्या विजेवर चालणारा. पेडल जोडलं, रेकॉर्डिंगचं मशीन जोडलं, आणि सगळ्यातून एक जाड गुणगुण यायला लागली.

“पेडलची आहे का ही?” त्याने विचारलं.

“माझ्या पेडलची नाही!” मला रागच आला. “तुझं मशीन आणि अँप दोघं दोन सॉकेटांतून अर्थिंग घेतायत, त्याची असणार.”

“मग उघडून बघू प्लग?”

“तू नको!” मी ओरडलेच. “मी बघते.”

भिंतीतल्या विजेला मी जन्मात हात लावलेला नव्हता. पण तो लावणार म्हटल्यावर मी लावला. अँपचं बटण बंद केलं, त्याचा प्लग काढला, दोनदा टेस्टर लावला, मग प्लग उघडून त्यातली अर्थची हिरवी तार सोडवली. टोकाला पट्टी गुंडाळली आणि प्लग पुन्हा बंद करून लावून पाहिला. गुणगुण गायब. म्हणजे माझा अंदाज खरा होता.

“हे फक्त तपासायला हं,” मी म्हणाले. “दोन मिनिटांत परत जोडते. अशा जुन्या अँपमध्ये आत कुठेतरी वीज झिरपत असते. ही तार ती गुपचूप जमिनीत सोडते. ती नसेल तर सगळी वीज गिटारच्या तारांवर येऊन बसेल.”

मी जमिनीवर बसले होते, हातात स्क्रू ड्रायव्हर. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

“विमाबाई,” तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “माझ्या आईला भेटशील?”

“पेडल दाखवायला?”

“नाही... पेडल दाखवायला नाही.”

आमच्या प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो — मृताशी नातं. पत्नी, पत्नी, आई, पत्नी. रोज मी ती अक्षरं बघते. बाबांच्या फॉर्मवर आईने केलेली सहीसुद्धा मी पाहिली आहे. ज्याला कुणीच नसतं त्याला त्या रकान्यात सही करावी लागत नाही, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं.

“मला... मला बस चुकेल,” मी म्हणाले, पर्स उचलली आणि निघाले. पळालेच म्हणा ना.

आठ दिवस मी गेले नाही. त्याचा फोन घेतला नाही. तो मागे लागला नाही, रागावलाही नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला.

“उद्या सहाला. आलीस तर आनंद. आणि एक गंमत सांगू? या आठवड्यात अँप लावून गिटारच्या तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात. तुझी आठवण हातात उतरली बहुतेक.”

तो मेसेज मी किती वेळा वाचला ते सांगत नाही. लाजले. उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. जगातली सगळ्यात घाबरट बाई मी, आणि त्या ओळीत घाबरण्यासारखं काही आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला टेबलावर नवी फाइल आली. एक बाई, कपडे धुवायचं मशीन. शेजारणीचा जबाब होता — “त्या दोन दिवसांपासून म्हणत होत्या की मशीनला हात लावला की मुंग्या येतात.” आणि खाली तपासनिसाचा एका ओळीचा शेरा — अर्थची तार जोडलेली नव्हती.

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग लॅबमधली फरशी आठवली, माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर आठवला, त्याचा तो प्रश्न आठवला. आणि प्लग बंद करून मी उठले होते. दोन मिनिटांत परत जोडते, असं म्हणून.

तार मी जोडलीच नव्हती.

मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा... सातव्यांदासुद्धा नुसता वाजत राहिला. लॅबमध्ये रबरी चटई होती, समोर माइक नव्हता, म्हणून नुसत्या मुंग्यांवर निभावलं. पण आज स्टेजवर त्याच्या हातात तारा असणार आणि ओठ माइकला लागणार. माइक लोखंडाचा, त्याला स्वतःची अर्थ. विजेला त्याच्या अंगातून जायला सरळ वाट मिळणार होती.

“साहेब, मी जातेय,” मी केबिनच्या दारातून म्हणाले.

“अगं, पण अर्ज?”

“साहेब, माणूस मरेल!”

साहेबांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं, ते मिटलेलं पाहायला थांबले नाही. समोर लिफ्ट उघडी होती. मी आत शिरले.

टॅक्सीत मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. पाच वाजून दहा. सव्वापाच. साडेपाचला आवाज तपासतात, हे त्याने कधीतरी सांगितलेलं. मी वाचनालयाचा नंबर शोधला, तो लागला तर कुणीतरी उचलून “थांबा हं” म्हणालं आणि फोन कट झाला. बाहेर बारीक पाऊस सुरू झाला आणि पुढच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

“दादा, जरा लवकर...”

“उडवू का गाडी?” टॅक्सीवाला म्हणाला. मग आरशात माझा चेहरा दिसला असावा. “कुणी आजारी आहे का, ताई?”

“नाही. एकदम ठणठणीत आहे,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

डोळे मिटले की तो फॉर्म दिसत होता. मृत्यूचं कारण. हलगर्जीपणा कुणाचा. आणि शेवटचा नात्याचा रकाना, ज्यात लिहायला मला काही नव्हतं. मी त्याची कुणीच नव्हते. कुणी होऊ नये म्हणूनच तर मी पळाले होते. मग हे काळीज असं का तुटतंय? मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं त्या गाडीत, काही विचारू नका.

शेवटचा चौक मी टॅक्सी सोडून पळत गाठला. चप्पल एकदा निसटली, ती हातात घेतली. हॉलच्या दारातूनच ड्रमचा दणदणाट ऐकू आला. आवाज तपासणं नुकतंच सुरू झालं होतं, तरी खुर्च्या निम्म्या भरलेल्या. स्टेजवर तो उभा होता, नव्या पांढऱ्या शर्टात. पायाशी आमचं पेडल, त्याची ती गुलाबी बटणं, आणि मागे अँपचा लाल दिवा चालू. एका मित्राने त्याच्या हातात गिटार दिली. त्याने पट्टा खांद्यावर अडकवला.

“थांब!” मी ओरडले. “हात लावू नकोस!”

ड्रमपुढे माझा आवाज तो काय! तो वाकून पेडल दाबत होता. मग सरळ झाला आणि माइककडे एक पाऊल आला.

दाराच्या बाजूला भिंतीवर विजेचा मोठा बोर्ड होता. त्याचं झाकण उघडं होतं. आत मुख्य खटका. मी ओली होते, हात ओले होते, आणि ओल्या हाताने बटण दाबू नये हे मी सगळ्या जगाला सांगत आले होते. मी पदराचं कोरडं टोक हाताभोवती गुंडाळलं आणि सगळा जोर लावून खटका खाली ओढला.

हॉलमध्ये काळोख झाला. ड्रम थांबला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी “अरे, काय चाललंय!” म्हणून ओरडलं.

“लाइट मी घालवली,” मी म्हणाले. आता शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. “कुणीही त्या गिटारला हात लावू नका. अँपची अर्थची तार सुटलेली आहे. मी सोडली होती. मी... मी जोडायला विसरले.”

“विमाबाई?” स्टेजवरून त्याचा आवाज आला.

मोबाइलचे दिवे लागले. लोकांनी वाट दिली. मी स्टेजवर चढले आणि आधी त्याच्या खांद्यावरून गिटार काढून घेतली. तो बघत राहिला. त्याच्या पेटीतून टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्लग उघडायला बसले, तर स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसेना. पहिल्या रांगेतल्या एक बाई वर आल्या आणि माझ्या हातावर नीट उजेड पाडत उभ्या राहिल्या. “सावकाश, बाळ,” त्या म्हणाल्या. “आता घाई नाही.”

हिरवी तार तशीच होती. टोकाला माझीच पट्टी.

मी ती जोडली. स्क्रू आवळला. ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, पुन्हा एकदा. मग प्लग लावून लाइट चालू करायला सांगितली आणि टेस्टर गिटारच्या तारांना टेकवला. टेस्टर पेटला नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी स्टेजच्या कडेलाच बसले. तो शेजारी येऊन बसला. त्याचाही चेहरा पांढरा पडला होता.

“म्हणजे त्या मुंग्या...” तो म्हणाला.

“वीज होती. मेसेज वाचून मी लाजत बसले आणि तू... माझ्यामुळे तू आज...”

“तुला सांगू? मी तो प्रश्न त्या वेळी विचारला नसता तर तू विसरलीच नसतीस. निम्मी चूक माझी.”

“चूक वाटून नको घेऊस! आठ दिवस मला काय वाटत होतं, ऐकायचंय? तुला हो म्हटलं तर एक दिवस तुझं काहीतरी होईल आणि माझ्या आईसारखी मी मागे उरेन. म्हणून हो म्हटलं नाही. पण आज टॅक्सीत मी त्याहून वेगळी कुठे होते? हो न म्हणताच सगळं भोगून झालं. मग पळून माझं वाचलं काय?”

त्याने माझ्याकडे वळून बघितलं.

“म्हणजे... काय?” त्याने विचारलं.

“म्हणजे तू मला आवडतोस. फार आवडतोस. घाबरतच सांगतेय, माझी भीती काही जाणार नाही. रोज तुझा गॅस बंद आहे का विचारीन, जिना उतरताना कठडा धर म्हणून ओरडेन. चालेल?”

“धरीन,” तो म्हणाला. डोळे पुसायला त्याने नव्या शर्टाची बाही वापरली. “मग आईला भेटशील ना?”

“भेटेन. कधी?”

“आत्ताच भेट. उजेड धरून तीच तर उभी आहे.”

मी मान वर केली. मोबाइलचा दिवा अजून चालूच होता, आणि त्याच्या मागे त्या बाई आमच्याकडे बघत होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. एक चप्पल पायात, एक दाराशी पडलेली, केस ओले, आणि मघाशी भर सभेत त्यांच्या मुलाला मी जवळजवळ मारलं होतं असं जाहीर केलेलं. माझी पाचावर धारण बसली. उठून उभी राहिले खरी, पण नमस्कार करायचा की माफी मागायची ते सुचेना.

“भेटायचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “मघापासून बघतेय, या पोरीनं घोटभर पाणीसुद्धा प्यायलेलं नाही.”

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. माझ्याच्याने झाकण उघडेना, तेव्हा त्यांनीच ते उघडून दिलं. मग मला हाताला धरून खाली नेलं, आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून माझ्यासाठी जागा केली.